बंद दारे उघडणारा वकील : चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन

प्रास्ताविक

उच्च शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची गुणवत्ता पाहावी, त्याचा वंश किंवा वर्ण पाहू नये, हे तत्त्व आज जगभर मान्य झाले आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील परिस्थिती फार वेगळी होती. तेथील दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकू न देण्याचे कायदे होते. सर्वांच्या करातून चालणाऱ्या राज्य विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होती. ही दारे उघडण्यासाठी ज्यांनी आपली विद्वत्ता आणि आयुष्य वेचले, त्या चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या वकिलाचा जीवनपरिचय या पाठात करून दिला आहे.

बालपण आणि शिक्षण

चार्ल्स ह्यूस्टन यांचा जन्म 3 सप्टेंबर 1895 रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी तीस वर्षे झाली होती. त्यांचे वडील विल्यम ह्यूस्टन हे सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर नोकरी आणि रात्री हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अभ्यास, असे कष्ट करून ते वकील झाले. आई मेरी यांनी आधी शिक्षिकेचे आणि नंतर केशरचनेचे काम करून संसाराला हातभार लावला. चार्ल्स हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आपल्या मुलाला उत्तम शिक्षण मिळावे, यासाठी दोघांनी कोणतीच कसर ठेवली नाही.

शालेय शिक्षण पूर्ण होताच सोळाव्या वर्षी चार्ल्स यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांच्या वर्गात ते एकटेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. 1915 मध्ये ते उच्च श्रेणीत पदवीधर झाले आणि गुणवंतांच्या राष्ट्रीय मंडळावर त्यांची निवड झाली. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजी विषय शिकवला. हॉवर्ड विद्यापीठाची स्थापना 1867 मध्ये झाली होती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या समाजाला उच्च शिक्षण देणारी ती देशातील एक प्रमुख संस्था होती.

युद्धातील अनुभव

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. कृष्णवर्णीय तरुणांना अधिकारपदाचे प्रशिक्षण देण्यासाठी आयोवा राज्यात स्वतंत्र छावणी उघडण्यात आली. ह्यूस्टन तेथे दाखल झाले आणि सैन्यात अधिकारी बनले. अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश आला, तरी अपमान मात्र टळला नाही. जेवणाची आणि राहण्याची व्यवस्था वेगळी असे. कृष्णवर्णीय सैनिकांवर किरकोळ कारणांवरून खटले भरले जात आणि पुरावा नसतानाही त्यांना शिक्षा होत असे. लष्करी खटल्यांचे काम पाहताना ह्यूस्टन यांना हा अन्याय जवळून दिसला. फ्रान्समध्ये तर स्वदेशीय श्वेतवर्णीय सैनिकांच्या एका जमावाने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला घेरले. त्या प्रसंगातून त्यांचे प्राण थोडक्यात वाचले.

ज्या देशासाठी लढायला निघालो, त्या देशाचेच सैनिक आपल्या जिवावर उठतात, हा अनुभव ह्यूस्टन कधीही विसरले नाहीत. युद्धातून जिवंत परतल्यास कायद्याचा अभ्यास करायचा आणि ज्यांना प्रतिकार करता येत नाही त्यांच्या बाजूने लढायचे, असा निश्चय त्यांनी केला.

1919 मध्ये सैन्यातून मुक्त होताच त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर केवळ उत्कृष्ट विद्यार्थ्यांची निवड होत असे. या मंडळावर निवडले गेलेले ह्यूस्टन हे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. 1922 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि 1923 मध्ये डॉक्टरेट मिळवली. शिष्यवृत्तीवर काही काळ माद्रिद येथे अभ्यास करून ते मायदेशी परतले आणि 1924 मध्ये वडिलांबरोबर वकिली करू लागले.

हॉवर्डचे कडक शिस्तीचे गुरू

त्या काळी दक्षिणेत कृष्णवर्णीय वकील अगदी मोजके होते. ज्यांच्यावर अन्याय होई त्यांची बाजू मांडायला जाणकार माणूसच मिळत नसे. दक्षिणेतील विधी महाविद्यालये कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नव्हती आणि त्यामुळे वकील तयार होत नव्हते. वकील नसल्यामुळे प्रवेशबंदीला न्यायालयात आव्हानही देता येत नव्हते. हे दुष्टचक्र भेदायचे असेल तर प्रथम उत्तम वकील घडवले पाहिजेत, हे ह्यूस्टन यांनी ओळखले.

1929 मध्ये हॉवर्डच्या विधी महाविद्यालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हे महाविद्यालय तेव्हा मुख्यतः रात्री भरत असे. नोकरी करणारे विद्यार्थी संध्याकाळी येऊन शिकत. ह्यूस्टन यांनी रात्रीचे वर्ग बंद करून पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम सुरू केला. या निर्णयाला अनेक माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला. त्यांची तक्रार अनाठायी नव्हती, कारण गरीब नोकरदारांना कायदा शिकण्याचा तोच एक मार्ग होता. स्वतः ह्यूस्टन यांचे वडीलही त्याच रात्रीच्या वर्गातून वकील झाले होते. परंतु पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम, कायमचे प्राध्यापक आणि सुसज्ज ग्रंथालय यांशिवाय महाविद्यालयाला राष्ट्रीय मान्यता मिळणार नाही, हे ह्यूस्टन जाणून होते. दोनच वर्षांत, 1931 पर्यंत, ही मान्यता मिळाली.

ह्यूस्टन यांची शिस्त विलक्षण कडक होती. विद्यार्थी त्यांना धाकाने 'आयर्न शूज', म्हणजे लोखंडी बूट, असे म्हणत. वर्गातील पाठांबरोबरच ते विद्यार्थ्यांना न्यायालये आणि तुरुंग दाखवण्यासाठी नेत. वकिलाने समाजाची घडी नीट बसवणाऱ्या अभियंत्याप्रमाणे काम करावे, अशी त्यांची शिकवण होती. जो वकील हे करत नाही तो समाजावर भार होतो, असे ते मानत.

त्यांच्या विद्यार्थ्यांत बाल्टिमोरचा थर्गुड मार्शल नावाचा तरुण होता. मार्शल यांच्या गावातच मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय होते, पण ते कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसे. त्यामुळे त्यांना रोज रेल्वेने वॉशिंग्टनला ये-जा करावी लागे. 1933 मध्ये ते वर्गात पहिले आले.

'वेगळे पण समान'

ह्यूस्टन यांच्यासमोरचे आव्हान समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1868 मध्ये चौदावी दुरुस्ती झाली. कोणत्याही राज्याने कोणालाही कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे या दुरुस्तीने सांगितले. परंतु 1896 मध्ये रेल्वेच्या वेगळ्या डब्यांविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ संकुचित केला. सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यास हरकत नाही, असा तो निर्णय होता. त्यालाच 'वेगळे पण समान' हे तत्त्व म्हणतात.

व्यवहारात मात्र वेगळेपणा कसोशीने पाळला जाई आणि समानता कागदावरच राही. ह्यूस्टन यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. ते एक सहकारी आणि चित्रपटाचा कॅमेरा घेऊन दक्षिण कॅरोलायना राज्यातील खेड्यापाड्यांतून फिरले. श्वेतवर्णीय मुलांसाठी विटांच्या पक्क्या शाळा होत्या. कृष्णवर्णीय मुले मोडक्या लाकडी खोपटांत शिकत होती. हे सारे त्यांनी चित्रित केले, कारण न्यायालयात आणि समाजापुढे भावनेपेक्षा पुरावा अधिक बोलतो, यावर त्यांचा विश्वास होता.

1935 मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या राष्ट्रीय संघटनेचे पूर्ण वेळ वकील झाले. तेथे त्यांनी दीर्घ पल्ल्याची योजना आखली. 'वेगळे पण समान' हे तत्त्व चुकीचे आहे, असे एकदम म्हटल्यास न्यायाधीश ऐकणार नाहीत, हे उघड होते. म्हणून त्यांनी उलट मार्ग धरला. राज्यांना वेगळेपणा हवा असेल, तर त्यांनी खरीखुरी समानता देऊन दाखवावी, अशी मागणी करायची. ही समानता इतकी खर्चिक ठरेल की शेवटी राज्यांना वेगळेपणा सोडावाच लागेल, असा त्यांचा हिशेब होता.

या लढ्याची सुरुवात त्यांनी प्राथमिक शाळांपासून न करता विद्यापीठांपासून केली. त्यामागे व्यवहारी कारणे होती. बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी विधी किंवा पदव्युत्तर महाविद्यालय नव्हतेच. त्यामुळे तेथे समानता आहे, असा दावा करणे राज्यांना अशक्य होते. अशा विद्यार्थ्यांची संख्या थोडी असल्याने समाजात फार खळबळही माजणार नव्हती. शिवाय न्यायाधीश स्वतः विधी महाविद्यालयांत शिकलेले होते. चांगल्या महाविद्यालयाचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पहिला विजय

डोनाल्ड मरे हा अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा कृष्णवर्णीय पदवीधर बाल्टिमोरचा रहिवासी होता. 1935 च्या आरंभी त्याने मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाकडे अर्ज केला. वर्णाच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. ह्यूस्टन आणि मार्शल या गुरुशिष्यांनी मिळून हा खटला चालवला. ज्या महाविद्यालयाचे दार मार्शल यांना बंद होते, त्याच महाविद्यालयाविरुद्ध आता ते उभे होते.

राज्याने एक पळवाट शोधली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुसऱ्या राज्यात जाऊन शिकावे, यासाठी प्रत्येकी 200 डॉलरच्या 50 शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्यातून शुल्क भागले, तरी प्रवास आणि राहण्याचा खर्च विद्यार्थ्यावरच पडत असे. ज्याला मेरीलँडमध्ये वकिली करायची आहे त्याने मेरीलँडचा कायदा तेथेच शिकणे अगत्याचे आहे, आणि तशी सोय राज्यात एकच आहे, हे ह्यूस्टन यांनी दाखवून दिले. जून 1935 मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयाने मरे यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्या वर्षी शरद ऋतूत मरे वर्गात जाऊन बसले. जानेवारी 1936 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. 1938 मध्ये मरे यांनी आपले शिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले.

सर्वोच्च न्यायालयात

मेरीलँडचा निकाल एका राज्यापुरता होता. साऱ्या देशाला लागू होईल असा निकाल मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जाणे आवश्यक होते. ती संधी मिसुरी राज्यातील लॉइड गेन्स या तरुणामुळे मिळाली. मिसुरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने त्याला वर्णामुळे प्रवेश नाकारला. शेजारच्या राज्यात शिकण्यासाठी लागणारे शुल्क देण्याची मात्र राज्याने तयारी दाखवली. खालच्या न्यायालयांत गेन्स यांचा पराभव झाला.

नोव्हेंबर 1938 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. त्यापूर्वी ह्यूस्टन यांनी हॉवर्डच्या विद्यार्थ्यांसमोर आपल्या युक्तिवादाचा सराव केला आणि त्यांना प्रश्न विचारायला लावले. प्रत्यक्ष सुनावणीच्या वेळी मॅक्‌रेनॉल्ड्स या न्यायमूर्तींनी आपली खुर्ची फिरवून ह्यूस्टन यांच्याकडे पाठ केली. हा अपमान गिळून ह्यूस्टन यांनी शांतपणे आपला युक्तिवाद पूर्ण केला.

12 डिसेंबर 1938 रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल गेन्स यांच्या बाजूने लागला. आपल्या नागरिकाला समान शिक्षण देण्याचे कर्तव्य राज्याने आपल्या सीमेच्या आतच पार पाडले पाहिजे, ते शेजाऱ्याच्या गळ्यात टाकता येणार नाही, असा न्यायालयाच्या निर्णयाचा आशय होता.

हा विजय मोठा होता, पण त्याची चव कडू झाली. मिसुरी राज्याने गेन्स यांना विद्यापीठात घेण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने वेगळे विधी महाविद्यालय काढले. ते खरोखर समान आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नेण्याची ह्यूस्टन यांची तयारी होती. तेवढ्यात, मार्च 1939 मध्ये शिकागो येथे असताना गेन्स एका रात्री बाहेर पडले आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. त्यांचे काय झाले याचा उलगडा कधीच झाला नाही. अर्जदारच नसल्यामुळे खटला बंद करावा लागला. मिसुरी विद्यापीठाने पुढे 2006 मध्ये गेन्स यांना मरणोत्तर सन्माननीय पदवी दिली.

त्याच विद्यापीठात पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या ल्युसील ब्लुफर्ड यांचा खटलाही ह्यूस्टन यांनी चालवला. ब्लुफर्ड यांचा अर्ज आधी मान्य झाला होता. परंतु 1939 मध्ये त्या प्रत्यक्ष हजर होताच त्यांना परत पाठवण्यात आले. खटले चालू असताना 1942 मध्ये विद्यापीठाने युद्धकाळातील अडचण पुढे करून तो पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला. एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला दार उघडावे लागू नये म्हणून ते सर्वांसाठीच बंद झाले. भेदभावाची झळ शेवटी कोणाकोणाला लागते, हे या घटनेतून दिसून येते.

अखेरची वर्षे

1938 मध्ये ह्यूस्टन वॉशिंग्टनला परतून वडिलांच्या कचेरीत काम करू लागले. संघटनेच्या कामाची धुरा मार्शल यांनी उचलली, तरी गुरूचा सल्ला त्यांना सदैव मिळत राहिला. ह्यूस्टन यांनी रेल्वेतील कृष्णवर्णीय कामगारांना न्याय मिळवून देणारा खटला 1944 मध्ये जिंकला. वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीयांना घरे न विकण्याच्या करारांविरुद्धही ते 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाले.

अतिश्रमांमुळे त्यांचे हृदय दुर्बल झाले होते. 22 एप्रिल 1950 रोजी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा तेव्हा अवघ्या सहा वर्षांचा होता.

त्यांच्या मृत्यूनंतर सहाच आठवड्यांनी, 5 जून 1950 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन महत्त्वाचे निकाल दिले. पहिला खटला टेक्सासमधील हेमन स्वेट या टपाल कर्मचाऱ्याचा होता. त्यांना विद्यापीठात प्रवेश द्यावा लागू नये म्हणून टेक्सास राज्याने वेगळे विधी महाविद्यालय काढले होते. त्यात 5 प्राध्यापक, 23 विद्यार्थी आणि सुमारे 16,500 ग्रंथ होते. टेक्सास विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात मात्र 16 पूर्ण वेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी आणि 65,000 हून अधिक ग्रंथ होते. ग्रंथ आणि इमारती यांच्याखेरीज संस्थेची प्रतिष्ठा, परंपरा आणि सहाध्यायांशी होणारा विचारविनिमय हेही शिक्षणाचे भाग आहेत, असे मानून न्यायालयाने स्वेट यांना मूळ विद्यापीठातच प्रवेश देण्याचा आदेश दिला.

दुसरा खटला ओक्लाहोमा विद्यापीठातील जॉर्ज मॅक्‌लॉरिन या वयोवृद्ध शिक्षकांचा होता. त्यांना प्रवेश मिळाला होता, पण वर्गाला लागून असलेल्या वेगळ्या दालनात बसून व्याख्याने ऐकावी लागत. ग्रंथालयात त्यांच्यासाठी वेगळे मेज होते आणि उपाहारगृहात त्यांनी वेगळ्या वेळी, वेगळ्या मेजावर जेवायचे असा नियम होता. अशा वागणुकीने विद्यार्थ्याच्या अभ्यासात आणि इतरांशी होणाऱ्या चर्चेत बाधा येते, म्हणून ती घटनेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. विद्यार्थ्याला दारातून आत घेतल्याने विद्यापीठाचे कर्तव्य संपत नाही, आत आल्यावरही त्याला समानतेने वागवले पाहिजे, हे या निकालाने स्पष्ट झाले.

या पायावरच पुढची इमारत उभी राहिली. 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांमधील 'वेगळे पण समान' हे तत्त्व रद्द केले. तो खटला लढवणाऱ्या वकिलांचे नेतृत्व थर्गुड मार्शल यांच्याकडे होते आणि त्या वकिलांपैकी अनेकांना ह्यूस्टन यांनी घडवले होते. 1967 मध्ये मार्शल हे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. या यशाचे श्रेय ते नेहमी आपल्या गुरूला देत असत.

उपसंहार

ह्यूस्टन यांच्या हयातीत शाळांमधील वर्णभेद संपला नव्हता. आपल्या कामाचे अंतिम फळ आपल्याला पाहायला मिळेल, याची त्यांना खात्री नव्हती. तरीही त्यांनी पुरावे गोळा केले, वकील तयार केले आणि एकेका खटल्याची वीट रचत नेली. अन्यायाचा संताप त्यांच्याही मनात होता. त्या संतापाला त्यांनी अभ्यासाची आणि नियोजनाची जोड दिली. ज्या विद्यापीठांनी भेदभावाला आश्रय दिला, त्यांच्याशी लढण्याचे बळही त्यांनी एका विद्यापीठातच निर्माण केले.

1958 मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. 2005 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात त्यांच्या नावाने वंश आणि न्याय या विषयांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली.